सहा महिन्यांची मुदत

"मॅडम, मला समजावू नका. तिला समजवा," खुर्चीत बसायच्या आधीच रत्नदीप म्हणाला.

जुन्नरच्या समुपदेशन केंद्रातल्या यशोधरा मॅडमनी वही मिटली. "प्रतीक्षा तिच्या वेळेला मंचरहून येतेच. ही वेळ तुमची आहे."

संमतीच्या घटस्फोटाला कोर्टाने सहा महिन्यांची मुदत दिली होती. अर्जावर त्याने सही केली ती तिच्या हट्टापायी. त्याला ती घरी हवी होती.

त्यांचं बाळ जन्मतःच गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी रत्नदीपने बेल्ह्यातलं मोटर वाइंडिंगचं दुकान उघडलं आणि पंपाच्या जळालेल्या मोटरीतली तार सोडवत बसला. घरात प्रतीक्षा भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळाबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दोन महिन्यांनी ती मंचरला माहेरी गेली, ती गेलीच.

"मला बोलायला येत न्हाई," तो म्हणाला. "पण ती आली पायजे."

"ती येईल का, ते माझ्या हातात नाही. नाही आली तर तुम्ही उभे कसे राहाल, एवढं बघू."

तिसऱ्या भेटीत तो रडला. इतका, की मॅडमनी उठून दार लोटून घेतलं. चौथ्या भेटीत त्याने बाळाचं नाक कसं होतं ते सांगितलं.

मग तो घरी तिचं कपाट उघडून बसायचा, ते थांबलं. तिला रोज लावायचा तो फोन थांबला. ती यावी ही ओढही कमी होत गेली. "जेवाय लागलास बाबा," त्याची आई केशरबाई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

तारखेला प्रतीक्षा कोर्टाच्या व्हरांड्यात आधीच येऊन उभी होती. पार वाळली होती.

"मॅडमकडं लई बोलले मी," ती म्हणाली. "तुमी रडला नाय म्हंजी तुमाला दुखलंच नाय, असं धरून बसले व्हते. चुकलं माझं. मला घरी यायचंय."

एवढं ऐकायला मिळावं म्हणूनच त्याने जुन्नरचे खेटे सुरू केले होते.

रत्नदीपने मनात ती ओढ शोधून पाहिली; सापडली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, तसा त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"डोळे पूस," तो हळू आवाजात म्हणाला. "आत आपलं नाव पुकारलंय. शेवटची सही करून टाकू."