फुसका बार

चाप ओढला, चकमक पडली, बाहेरची चिमूटभर रंजक दारू भस्सकन पेटली आणि पुढं काहीच झालं नाही. धडाका नाही, खांद्याला धक्का नाही. एल्वूड हार्टझेलच्या कानाशी पांढऱ्या धुराचा पुंजका तेवढा राहिला. बंदूक खांद्याला तशीच लावून तो साठपर्यंत मोजत राहिला. ठासणीची बंदूक कधी कधी उशिरा उडते. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात हे शेंबडं पोरही जाणतं. साठ झाले. बंदूक उडाली नाही.

एक्कावन्न हिवाळ्यांत असं कधी झालं नव्हतं.

टेकाडाच्या पलीकडून मर्विन धापा टाकत आला. चाळीस वर्षांचा दोस्त. असा एक असला की दुश्मन लागत नाहीत. त्याला धूर दिसला होता, पण बार ऐकू आला नव्हता.

"फुसका बार!" तो आनंदानं ओरडला. "आणि तोही एल्वूडसाहेबांचा! आता मी मरायला मोकळा झालो बुवा."

"दारू ओलावली असेल," एल्वूड म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

"गज टाक. गज खोटं बोलत नाही."

एल्वूडनं नळीत गज सोडला. बंदूक नीट भरलेली असली की गजावरची खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. ती बोटभर आत गेली. म्हणजे गोळी ठासली होती, बाहेर कान्याच्या भोकाशी रंजक घातली होती, आणि नळीत दारूच ओतली नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरानं करावी अशी चूक. एल्वूडचे कान लाल झाले.

मर्विननं लगेच चाकू काढला. त्यांच्या शिकारीच्या कॅम्पचा रिवाज जुना होता. नेम चुकून ज्याची शिकार हातची जाईल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, नाव आणि साल लिहून तिथल्या भिंतीला खिळ्यानं ठोकायचं. मर्विनची सात टोकं तिथं लटकत होती. एल्वूडचं एकही नव्हतं. त्यानं कैक वर्षांपूर्वीच सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी माझं कापड भिंतीला लागेल त्या दिवशी बंदूक खुंटीला टांगीन. आणि एल्वूड बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता.

तेवढ्यात खालच्या झाडीतून त्याची मुलगी डार्ला चढून वर आली. बापाचे गुडघे गेल्यापासून डोंगराला वळसा घालून हरणं त्याच्याकडे हाकलायचं काम तिचं. तपकिरी कोट, घामेजलेलं कपाळ, एका बुटाची नाडी बर्फात लोळत होती.

"काय झालं? फुस्स ऐकलं आणि पळत आले. बाबा, लागलं का?"

"लागतंय कसलं! तुझा बाप दारू घालायला विसरला," मर्विन म्हणाला.

डार्ला खदखदून हसली. मग तिनं बापाचं तोंड पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"तूच मधे कडमडलीस," एल्वूड पुटपुटला. "सकाळी बंदुकीच्या दारूचं शिंग हातात घेतलं नाही तोच आलीस, बाबा माझी नारिंगी टोपी कुठंय, बाबा माझी टोपी! ती शोधून दिली आणि परत येऊन सरळ गोळीच ठासली."

"बरं बाई, खापर माझ्या टोपीवर!" तिनं खिशातून ती टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा खिशात कोंबली.

एल्वूडनं पाठ फिरवली आणि शर्टाचं टोक पँटमधून बाहेर ओढलं. "काप, मर्विन. रिवाज म्हणजे रिवाज."

डार्लाला ते बघवेना. बंदूक खुंटीला गेली की बाप महिन्याभरात खाटेला लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"थांबा मर्विनकाका! कापड नेम चुकल्यावर कापतात. बाबांचा नेम चुकला कुठं?"

"नेम होता याला पुरावा काय?"

"होता!" एल्वूड उसळला. "सत्तर पावलांवर, खाली त्या फुटक्या खडकापाशी. मान खाली घालून नर उभा होता, अंगावर ऊन आलेलं, तपकिरी. बरोबर खांद्यामागं धरला होता. दारू असती तर जागचा हलला नसता."

"मग मी माग बघून येते," डार्ला म्हणाली. "तिथं हरीण उभं होतं आणि इथून मधे एक फांदीही आडवी येत नाही, एवढं दिसलं की कापड वाचलं. कबूल?"

"कबूल," मर्विननं नाइलाजानं चाकू मिटला.

ती उतारावरून जवळजवळ धावतच गेली. पहाटे ताजं बर्फ पडलं होतं. उंदीर गेला असता तरी माग उठला असता. खडकाच्या अलीकडे खुराची खूण नव्हती. पलीकडेही नव्हती. तिनं खडकाला वळसा घातला. खालच्या झाडीतून खडकापर्यंत एकच माग आला होता, बुटांचा. खडकापाशी बर्फात एका गुडघ्याचा खळगा होता.

नाडी बांधायला ती इथंच टेकली होती. अर्धी गाठ मारली होती आणि वरून फुस्स आवाज आला होता.

 रानात माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायच्या, खिशातल्या त्या नारिंगी टोपीवर तिचा हात आपोआप गेला. 

वरून बापाची हाक आली. सकाळपासून पहिल्यांदाच त्या आवाजात त्याचा जुना रुबाब होता.

"हां, तिथंच! आता तू उभी आहेस ना पोरी, अगदी तिथंच होता!"