बंद दाराआड पाखरू

उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये झुरळांचं औषध मारायचं ठरलं. “त्या वासानं माझं पाखरू मरंल,” म्हणत तनुजा भांडली, पण नवऱ्यानं, शिवराजनं, ऐकलं नाही. बाहेर ऊन रणरणत होतं. शेवटी लव्हबर्डचा पिंजरा घेऊन ती बेडरूममध्ये शिरली आणि दाराखालच्या फटीत तिनं ओलं फडकं कोंबलं.

थोड्या वेळानं दार वाजलं. “वास गेला, उघड,” शिवराजचा आवाज आला.

तिनं कडीला हात घातला, तेवढ्यात फोन वाजला. शिवराजच होता. “मी अन् औषध मारणारे कवाच खाली आलोय. वरती लई वास हाय, दार उघडू नको.”

दार पुन्हा वाजलं. पाखरू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आकसलं.

तनुजानं दाराला पाठ लावली. “नाय उघडणार! काय करायचं ते कर!”

मग बाहेरून तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “बरं, मग मीच आत येते.”