खुर्चीतली दुपार

डॉक्टरांनी बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली.

"एकच विचारायचं आहे," ती म्हणाली. "आप्पा माझ्या चुकीनं गेले का?"

"आधी बसा. मेंदूत रक्तस्राव झाला त्यांच्या. त्यात तुमची कसली चूक?"

ती बसली. कुठून सुरुवात करावी ते सुचेना. भावाला तिनं काही सांगितलं नव्हतं, वहिनीला तर नाहीच.

आप्पा शिंपी. उभा जन्म मशीनवर वाकून गेला आणि म्हातारपणी उभं राहणंच महाग झालं. खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. भावाकडे असताना एकदा बाथरूमच्या दारात कोसळले, कपाळाला टाके घालावे लागले. "आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, शेवटी माझीच शिलाई निघाली," असं त्यांनी टाके घालणाऱ्यालाच ऐकवलं होतं.

त्यानंतर तीच त्यांना याच खोलीत घेऊन आली होती. बाहेर रांग खोळंबलेली. डॉक्टरांनी आधी आडवं करून, मग उभं करून त्यांचं प्रेशर बघितलं.

"उभं राहिलं की यांचं प्रेशर एकदम खाली येतं. ही गोळी ते वर धरून ठेवील. दिवसातून तीनदा, पण शेवटची चहाच्या वेळेला; त्याहून उशिरा नाही. आणि मुख्य म्हणजे, गोळी घेतल्यावर यांना पडू द्यायचं नाही. महिन्यानं दाखवायला आणा."

तिची नजर कपाळावरच्या पट्टीवर होती. "नाही पडू देणार," ती म्हणाली, आणि मनाशी खूणगाठ बांधली.

भावाकडे परत न पाठवता तिनं आप्पांना आपल्याच घरी ठेवून घेतलं; त्यांचं शिलाई मशीनही आणवलं. गोळीची वेळ एकदाही चुकली नाही. गोळी दिली की ती त्यांना पलंगावर आडवं करी, पांघरूण नीट करी आणि चपला पायानं दूर सरकवून ठेवी. माणूस उठलाच नाही तर पडेल कसा?

"मी माणूस आहे की कापडाचा तागा?" आप्पा कुरकुरायचे. "दिवसभर आपला गुंडाळून ठेवलेला. आणि डोक्यात या मुंग्या."

"गोळीनं येतात मुंग्या. लिहिलंय त्यावर."

"आणि कानात मशीन चालतंय त्याचं काय? आडवा झालो की धडधड धडधड."

"जन्मभर चालवलंत, आता इतक्यात कसं थांबेल?"

आप्पा हसायचे. तीही हसायची.

वहिनी भेटायला आली की तिचं तेच पालुपद. "ताई, बसू द्या ना त्यांना. खुर्चीत बसलेला माणूस कुठं पडतोय?"

"तुझ्याकडे पडले तेव्हा कशातून उठले होते?"

वहिनीनं पुढं कधी विषय काढला नाही. पुढं फारशी आलीही नाही.

मग ती दुपार आली. ऑफिसचं काम तुंबलं होतं, साहेबांचे फोनवर फोन. तिनं घाईघाईनं गोळी दिली आणि उशी सारखी करायला वाकली.

"आज नको," आप्पांनी तिचं मनगट धरलं. "मशीनपाशी बसव. तुझ्या पडद्याची दुमड उसवलीय, केव्हाची डोळ्यांत खुपतेय."

"आप्पा, आत्ताच गोळी घेतलीत."

"मग? गोळी घेतलेल्याला सुई धरायला बंदी आहे?"

एरवी तिनं ऐकलं नसतं. पण फोन पुन्हा वाजला. तिनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं, 'उठायचं नाही' म्हणून दम भरला आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर मशीन चालू झालं. मध्येच कसलंसं जुनं गाणंही ऐकू आलं. तिला दोनदा वाटलं, जाऊन त्यांना आडवं करावं. दोन्ही वेळा ती काम करत राहिली.

चहा घेऊन आली तर दुमड सरळ रेघेत शिवून झाली होती. आप्पांच्या चेहऱ्यावर तजेला होता.

"कानातलं मशीन आज गप्प आहे बघ," ते म्हणाले. "खरं मशीन मिळालं ना त्याला."

तिच्या मनाला मात्र लागून राहिलं. आपल्या कामापायी आपण म्हाताऱ्या माणसाला तासन् तास बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं भरपाई केली. दुपारची गोळी दिली, त्यांचं काही ऐकून न घेता पलंगावर नेलं, कालचा शीण जावा म्हणून डोक्याखालची उशीही काढून घेतली आणि अगदी सपाट निजवलं. दार लोटून घेतलं. चहाला हाक मारली तेव्हा आप्पांनी ओ दिली नाही.

"उठले होते का गं?" भावानं रडत विचारलं.

"नाही. पडूनच होते." ते खरं होतं. आदल्या दुपारबद्दल ती बोलली नाही.

आता मात्र तिनं सगळं सांगून टाकलं. फोन, पडदा, खुर्ची; आणि तेही त्या एकाच दुपारी. "माझं काम संपावं म्हणून मी त्यांना बसू दिलं, डॉक्टर. त्याच ताणानं गेले ना?"

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"गोळी घेऊन खुर्चीत बसले, एवढंच ना?"

"हो."

"अहो, मग बसायलाच हवं होतं त्यांनी! गोळीचा अंमल असताना माणूस आडवा झाला की तेच प्रेशर थेट डोक्याला भिडतं. म्हणून तर पहिल्याच दिवशी तुम्हाला बजावलं, पडू द्यायचं नाही. त्या दुपारी तुम्ही अगदी बरोबर केलंत. उगाच मनाला लावून घेऊ नका."

तिनं उठायला म्हणून खुर्ची मागं सारली.

"पण तुम्ही म्हणता, ते त्या एकाच दुपारी बसले." डॉक्टर थोडे पुढं झुकले. "मग बाकीच्या दिवशी त्यांना आडवं कोण करत होतं?"