चौथी सीट

"ह्या लाल गाडीचा क्लच जड हाय," वाल्मीकनं शोरूममध्ये उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला. "धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये पायाचा पार भुगा होईल. ती पांढरी दाखवा."

मगाशी सनरूफचं कौतुक सांगणारा सेल्समन नरेंद्र आता गुपचूप ऐकत होता. ऐकणारच! सत्तावीस वर्षं शेअर रिक्षा चालवलेला माणूस समोर होता. लाल गाडी ॲव्हरेजला चांगली, निजामपुऱ्याच्या गल्लीतही सहज वळेल. पण पोट खाली, प्रत्येक खड्ड्यात घासणार. पांढरी उंच, दणकट, घरचे सगळे मावतील. पण पेट्रोल ढोसणार आणि गल्लीत वळवताना घाम काढणार.

"काका, तुम्ही इथंच नोकरीला या," नरेंद्र म्हणाला. वाल्मीकची छाती फुगली.

गाडी घेणार होती त्याची लेक, धम्मदिना. मोठ्या गोदामात मॅनेजर, साठ माणसं हाताखाली. वाल्मीकनं कालच स्टँडवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "पोरगी गाडी घेते, चालवणार मी!"

पण ही पोरगी पुढं बसायलाच तयार नव्हती. दोन्ही गाड्यांत थेट मागं जाऊन बसली. पाय पसरून पाहिले, पाठ टेकून पाहिली. पायरी किती उंच, मागं एसी लागतो का, खड्ड्यात कंबरेला दणका बसतो का, सगळे प्रश्न मागच्या सीटचे. इंजिनाबद्दल अवाक्षर नाही.

वाल्मीकच्या काळजात चर्र झालं. म्हणजे मॅडम मागं आणि बाप ड्रायव्हर! रिक्षात मागं तीन सीट कोंबायच्या, चौथी आपल्या शेजारी घ्यायची आणि आपण अर्ध्या ढुंगणावर टेकून हँडल धरायचं, असं करत त्यानं हिला शिकवलं होतं. कंबर त्यातच कामातून गेली. आणि आता हिचीच ड्रायव्हरकी? मग त्यानं स्वतःलाच दटावलं. अरे, साठ माणसांची साहेब हाय ती! बसू दे की ऐटीत. अशी सीट नाक्यावरच्या कुणाच्या नशिबात हाय?

"पांढरी घेऊ," धम्मदिना म्हणाली. "मागं ऐसपैस आहे. पेट्रोल पिईना का! चला, एक चक्कर मारून बघू."

चक्कर मारायची गाडी दारातच उभी होती. वाल्मीकनं पँटला हात पुसला आणि चावीसाठी पुढं केला. चावी तिनं घेतली आणि सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसली.

"लायसन कधी काढलंस गं?"

"तुम्ही स्टँडवर असताना."

तिनं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि खणखणीत आवाजात, अगदी त्याच्याच सुरात ओरडली, "चला, खारबाव, खारबाव! एक सीट, एक सीट!"

अख्खं शोरूम वळून बघायला लागलं. नरेंद्रनं हसत मागचं दार उघडलं. वाल्मीक डोळे पुसत चढला. आवाज बघा पोरीचा! नाक्यावर उभी केली तर अख्खा स्टँड गप्प करील.

सवयीनं तो सीटच्या कडेला अर्धाच टेकला.

धम्मदिनानं आरशातून पाहिलं. "मागं सरकून नीट बसा, बाबा. आता चौथी सीट घ्यायची नाही."