चाकांवरचं बिऱ्हाड

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेल्या भगवानरावांनी जुन्या जीपमागे जोडायला ट्रेलर बनवला. वर पत्र्याची खोली, आत पलंग. लकवा झाल्यापासून त्यांच्या बायकोने, अंजनाबाईंनी, दोन वर्षं बदलापूरच्या फ्लॅटचा उंबरा ओलांडला नव्हता आणि त्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. बिल्डिंगसमोरचा रस्ता एका अंगाला उतरता होता. तिथे उभ्या ट्रेलरमधल्या पलंगावर निजवल्याबरोबर अंजनाबाई भिंतीकडे कलंडू लागल्या.

“बघा,” मुलगा महेंद्र म्हणाला, “वाटेत जिथे थांबाल तिथे काय सपाट जागा मिळणार आहे? आईला घरीच राहू द्या, बाबा.”

भगवानरावांनी उताराकडच्या चाकापुढे लाकडी ठोकळे मांडले, जीप हळूच पुढे घेऊन चाक त्यांवर चढवलं आणि चाकांना मागून-पुढून दगड लावले. मग आत जाऊन पलंगावर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध येतो का ते पाहिलं.

“आता कसं वाटतंय?”

“सरळ आहे,” अंजनाबाई म्हणाल्या.

महेंद्रचा आवाज चढला. “आणि मी लोकांना काय सांगू? या वयात आईबाप ट्रेलरमध्ये राहतात म्हणून?”

अंजनाबाईंची जीभ अजून जड होती. त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला.

“सांग, आई पळून गेली. तुझ्या बापाबरोबर.”