काही खाल्लं का?

“रात्री बारानंतर चहा नाही, पाणी नाही, काहीच नाही. पोराले आपल्या हातानं काही देऊ नका, अम्मा!”

वॉर्डातल्या शामकला सिस्टरचा कालचा आवाज सुलोचनाबाईंच्या कानात पुन्हा वाजला, तेव्हा त्यांचा मुलगा धनेंद्र चाकांच्या खाटेवर आडवा झाला होता. ऑपरेशन थिएटरचं दार चार पावलांवर होतं. आणि सकाळी सात वाजता त्यांनी त्याला शिरा दिला होता.

काल पोराला गोंदियात भरती करून त्या गावी परतल्या होत्या. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून संध्याकाळी घरी सत्यनारायण घातला. दिवसभर निर्जळी उपास धरला. प्रसादाची डबी घेऊन पहाटेची पहिली बस पकडली. प्रसाद नाकारणाऱ्याचं काय होतं, ते त्यांना पोथीतून पाठ होतं. सिस्टर बाजूच्या पेशंटला सुई टोचत होती, तेवढ्यात त्यांनी डबी उघडली.

“माय, सिस्टरनं मना केलं नं.”

“खानं मना केलं. परसादाले कोनी खानं म्हनते का? घे बाबू, घासभर.”

घासभराचा मूठभर झाला. साजूक तुपातला, केळं घालून केलेला.

आता सिस्टर हातात कागद घेऊन एकेक विचारत होती. “पूर्ण नाव?”

“धनेंद्र केवळराम पटले.”

“दात हलते का? नकली आहे का एखांदा?”

“लगनात तं सगळे अस्सल होते. बाकी हिले विचारा,” धनेंद्र म्हणाला. त्याची बायको चंचल हसली नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते, ते तिला दिसत होतं.

सिस्टरनं त्याच्या कमरेचा करगोटा कात्रीनं कापला.

“सकाळपासून काही खाल्लं-प्यालं?”

धनेंद्रनं आईकडे पाहिलं. “नाही.”

कागदावर खूण झाली. सांगावं, तर ऑपरेशन राहतं. सांगावं, तर देवाच्या प्रसादाला दोष लावल्यासारखं होतं. सुलोचनाबाईंनी पदराआड माळ घट्ट धरली आणि नाम घेऊ लागल्या. नाम मध्येच तुटत होतं.

दार उघडलं. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम बाहेर आल्या.

“काही खाल्लं का?”

“सिस्टरले सांगतलं, मॅडम.”

“मला सांगा. मी प्रत्येकाला पुन्हा विचारते. भूल दिली की माणूस खोकायचंही विसरतो. पोटात काही असलं तर ते वर येतं आणि छातीत उतरतं. श्वास अडकतो. चेहरा निळा पडतो. म्हणून विचारते. खाल्लं का?”

“नाही.”

निळा. तसा चेहरा सुलोचनाबाईंनी एकदा पाहिला होता.

खाट हलली. चाकं दाराच्या उंबऱ्याला लागली. सुलोचनाबाईंनी दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली.

“थांबवा! मीनं देल्लं. सात वाजता. शिरा. मूठभर.”



“माय!” चंचल ओरडली. “अवं, मारूनच टाकलं असतं तुमी त्याहिले!”

“काल मी भिंतीसंग बोलत होती का, अम्मा?” सिस्टर कागद आपटत म्हणाली.

धनेंद्रनं तोंड फिरवलं. “तुले बोलतील म्हनून चूप राहिलो वं, माय.”

डॉक्टर मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावरची खूण खोडली. “आज नाही. उद्या सकाळी पहिला नंबर. बोललात ते बरं झालं.”

त्या निघाल्या. सुलोचनाबाई त्यांच्या मागोमाग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या.

“मॅडम, शिरा नाही, नुसती पेज असली तरी तसंच होते का?”

“तरीही. कोणाला दिली पेज?”

“याच्या बाबूजीले. दहा वर्सं झाली. हर्नियाचं होतं. सकारी उपाशी पोटी कसं पाठवावं म्हनून वाटीभर पाजली होती मीनं.”

मॅडम थांबल्या. “डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?”

“विचारलं होतं.”

“मग?”

“मीनं नाही म्हनलं.”

त्या रात्री सुलोचनाबाईंनी धनेंद्रच्या खाटेजवळ कोणाला येऊ दिलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा बाहेर नेऊन ठेवला. सकाळी थिएटरचं दार लागलं, तेव्हा त्या बाकावर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ‘देवा, याले परत दे. मी तेथं जाईन. आपल्या तोंडानं सांगीन.’ दुसरं काही त्यांना मागता आलं नाही.

साडेअकराला धनेंद्रला बाहेर आणलं. चेहरा उतरलेला होता, पण निळा नव्हता. तो खोकला. कण्हत “माय” म्हणाला. सुलोचनाबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुपारी त्यांनी पिशवी उचलली.

“कोठं चालल्या, माय?” चंचलनं विचारलं.

“गोरेगावले. सांजेपर्यंत येतो.”

“आज कायले?”

त्या पायऱ्यांकडे वळल्या. खाली उतरल्या, रस्ता ओलांडला, गोरेगावच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या. हर्नियाचं ते ऑपरेशन करणारे उदाराम डॉक्टर अजून तिथंच राहत होते, बाजाराच्या मागे. दवाखाना मात्र दहा वर्षांपासून बंद होता. केवळरामांचा जीव त्यांच्या टेबलावर गेला, त्या दिवशी सारं गाव त्या दवाखान्यावर चालून गेलं होतं. पहिला दगड सुलोचनाबाईंनी मारला होता.