चार बोटांचा समास

पत्राच्या डाव्या बाजूला चार बोटं कोरी जागा होती. मंदाबाईने त्या जागेवर आपली बोटं ठेवून पाहिली. बरोबर चार. मग तिने पत्र पुन्हा वाचलं.

टाईप केलेल्या त्या पत्राखाली जळगावच्या एका प्राध्यापकांची सही होती. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करून हवे होते. वर्षाला दहा तरी. पानाला तीन रुपये, थेट तिच्या हातात. मध्ये कुणी नाही.

पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. पर्समध्ये राहून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. तिची मुलगी बारावी पास झाली होती, तिला जळगावला बी.एस्सी. करायचं होतं. वसतिगृहाचे पैसे महिनाअखेरीस भरायचे होते.

देवपुरात आधारनानांच्या दुकानात मंदाबाई नऊ वर्षं टायपिंग करत होती. गिऱ्हाईक नाना आणायचे, काम ती करायची. नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या कामावर नाना रुपयामागे चार आणे कापून घेत. तेच गिऱ्हाईक परत आलं की दोन. वर्ष उलटलं की एकच.

"पहिल्यांदा माणूस शोधावा लागतो," नाना म्हणत. "मग नुसता सांभाळायचा. त्याचे कसले चार आणे?"

एकदा एक वकील साठ पानं घेऊन गेला तो फिरकलाच नाही. मंदाबाईला तिचे पैसे शनिवारी नेहमीसारखे मिळाले. वकील बुडवून गेला हे तिला सहा महिन्यांनी कळलं, तेही चहावाल्या झिपरूकडून.

तरी नाना तिचं सगळं खातात म्हणून झिपरू टोमणे मारायचा. "अक्का, नाना तुनं बठ्ठं खाई जास. आनि तू त्याले च्या पाजस!"

"तुझ्या चहात पाणी किती असतं, ते सांग आधी," मंदाबाई म्हणायची.

पण विचार तिच्याही डोक्यात होता. दुकानातल्या बाकीच्या दोघी थेट कामं घेऊ लागल्या आणि गेल्या. दुकानाचं भाडं आता फक्त मंदाबाईच्या कापलेल्या आण्यांतून निघत होतं. ती गेली की कुलूप. म्हणून पत्र पर्समध्येच होतं.

बाराव्या दिवशी ती दुकानात आली, तेव्हा नाना एक प्रबंध शिवत बसले होते. दाभणाने भोक पाडायचं, पांढरा दोरा ओवायचा. गेल्या महिन्यात ते डोळे दाखवायला म्हणून जळगावला जाऊन आले होते, पण चष्मा जुनाच होता. दाभण बोटात गेलं.

"चार बोटं सोडत जा म्हणून किती वेळा सांगू?" ते बोट चोखत म्हणाले. "दोन बोटांत दोरा अक्षरांवर चढतो."

"तीन सोडली होती, नाना."

"माझा तर हात आपोआप चारवरच थांबतो. माझ्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा मी तसंच टाईप केलं होतं. सासरे म्हणाले, जावईबापू, एवढी जागा कुणासाठी राखून ठेवली?"

मंदाबाई हसली. हसता हसता तिचा हात पर्सकडे गेला. तिने पत्र काढून नानांपुढे ठेवलं.

"जळगावहून आलंय. थेट काम द्यायचं म्हणतात."

नानांनी पत्र हातात घेतलं. उलगडलं नाही. तसंच तिच्याकडे सरकवलं.

"मग हो म्हण. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

"आणि दुकान?"

"पोरगा एरंडोलले बलाई ऱ्हायना," नाना म्हणाले. मुलगा बोलावतोय हे सांगताना ते घरच्या बोलीवर आले; मनातलं बोलताना नेहमी येत. "मी काय उपाशी मरसू? तू मनी काळजी नको करू."

मंदाबाईने पत्र उलगडलं आणि अर्धवट शिवलेल्या प्रबंधावर पसरलं. कोऱ्या जागेवर एक एक बोट ठेवलं. नाना दोऱ्याला गाठ मारण्यात फारच गुंतले होते, आणि गाठ काही बसत नव्हती.

"ठीक आहे, नाना. थेट घेते काम," ती म्हणाली. "पण पहिल्या प्रबंधावर रुपयामागे चार आणे तुमचे. हे गिऱ्हाईक तुम्ही शोधलंय."